राठोडबाईंचा क्रम

राठोडबाईंना ‘सोपं’ या शब्दाचा राग होता. वर्गात एखादं पोरगं फळ्यावरचं गणित बघून ‘हे तर सोपं आहे’ म्हणालं, की बाई हातातला खडू टेबलावर ठेवायच्या आणि त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या. पुन्हा ते पोरगं वर्षभर तो शब्द काढायचं नाही. शिक्षकांच्या खोलीतही तोच नियम. एकदा मी सहज म्हणालो, बाई, हा पगारवाढीचा फॉर्म भरायला अगदी सोपा आहे. त्यांनी आपला फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘मंग तुमीच भरा, सर.’ मला तो भरता आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

कळमनुरीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. मी रुजू झालो तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. पुढे हिंगोली झाला. आम्ही होतो तिथंच होतो, फक्त कागदांवरचे शिक्के बदलले. बाई उंच, काटक, आवाज जरा जाडा. मनगटावर पुरुषी घड्याळ. वाचताना ओळीखाली बोट धरायची सवय, आणि ती लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे त्यांचा तांडा होता. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यामुळे बाईंच्या शाळेची निम्मी वर्षं उसाच्या फडात गेली. मग त्या एमएस्सी कशा झाल्या, हे मला नीट माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण त्यांना जाऊनच कितीतरी वर्षं झाली.

विद्यार्थी शंका घेऊन आला की ‘काय समजलं नाही?’ असं त्या विचारत नसत. ‘अडलं कुठं?’ असं विचारत. आपल्याला काय समजलं नाही हे लेकराला सांगता येत नाही, पण कुठे अडलं तिथं बोट ठेवता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ही युक्ती माझ्या तासाला वापरून पाहिली. पोरांनी बोट ठेवलं ते पहिल्याच ओळीवर. मी परत माझ्या जुन्या पद्धतीवर आलो.

नव्वदीच्या दशकात आमचे चाचणीचे पेपर सायक्लोस्टाइलवर निघायचे. मेणकागदावर मजकूर टंकायचा आणि गणिताची चिन्हं लोखंडी टोचणीनं हातानं कोरायची. एका चाचणीत बाईंच्या हातून वर्गमुळाच्या चिन्हाचं छप्पर आखूड पडलं. निम्म्या वर्गानं दोन्ही संख्या छपराखाली धरल्या, निम्म्यानं एकच. बाईंनी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले आणि सूचनाफलकावर चिठ्ठी लावली, की चौथा प्रश्न चुकीचा छापला गेला, चूक माझी आहे, खाली सही. प्राचार्य चिडले. शिक्षकानं असं लिहून लावलं तर पोरं डोक्यावर बसतील, म्हणाले. बाई म्हणाल्या की चूक साठ जणांपुढं झाली, तर कबुलीही तेवढ्यांपुढंच व्हायला पाहिजे. चिठ्ठी आठ दिवस फलकावर राहिली आणि पोरं काही डोक्यावर बसली नाहीत. पण त्या छपराचा बाईंनी फार त्रास करून घेतला. दोन-तीन हुशार पोरं त्या प्रश्नावर घोळत बसली आणि त्यांचा पुढचा पेपर राहिला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

पुढे कॉलेजात संगणक आला. मग पुण्यात नोकरीला लागलेला त्यांचा एक विद्यार्थी सुट्टीत एक सीडी देऊन गेला. मजकूर जुळणीची ती एक मोफत प्रणाली होती. तिच्यात पडद्यावर ओढाओढी करायची नसते. मजकुरातच आज्ञा लिहायच्या, इथं वर्गमूळ, इथं तक्ता, इथं नवं पान, आणि शेवटी प्रणाली चालवली की छापण्याजोगी पानं तयार होतात. वर्गमुळाचं छप्पर जेवढं हवं तेवढंच येतं. पहिलं पान हातात आल्यावर बाई ‘बराबर बसलं’ एवढंच म्हणाल्या. पण तो कागद त्यांनी मला दाखवला, शिपायाला दाखवला, आणि पत्रं घेऊन आलेल्या पोस्टमनलाही थांबवून दाखवला.

माहितीपुस्तक मात्र इंग्रजीत, जाडजूड, आणि आज्ञा सगळ्या एबीसीडीच्या क्रमानं लावलेल्या. बाईंचा निकालाचा एक तक्ता पानाच्या बाहेर जायला लागला. कोणती आज्ञा वापरायची ते ठाऊक नाही, आणि विचारायला जिल्ह्यात कुणी नाही. त्यांनी पुस्तक पहिल्या आज्ञेपासून वाचायला घेतलं, ओळीखाली बोट धरून, शेजारी शब्दकोश ठेवून. एकोणीस दिवस तो तक्ता पानाबाहेर होता. आज्ञा सापडली ती जवळजवळ शेवटी. मी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, ‘सर, नाव माहीत असतं तर पुस्तक कशाला उघडलं असतं?’

याच सुमारास या प्रणालीचं मराठी माहितीपुस्तक लिहायला काही मंडळी इंटरनेटवर जमली होती. कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे, एक मुलगी कोल्हापूरची. संकेतस्थळावर पानं ठेवलेली. मंडळातल्या कुणीही उघडावीत, भर घालावी, दुसऱ्याचं दुरुस्त करावं. सगळा फुकटचा कारभार. समन्वयक होते आगाशे नावाचे पुण्याचे निवृत्त अभियंते, अतिशय सभ्य आणि कामसू गृहस्थ. बाई त्यात शिरल्या आणि भाषा तपासायला म्हणून त्यांनी मलाही ओढलं. दर रविवारी आम्ही बसनं हिंगोलीला जायचो. स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात एका संगणकापुढं दोन खुर्च्या टाकून बसायचो आणि वीज जाईपर्यंत काम करायचो. दुकानदार पोरगा आम्हाला आधी नवराबायको समजला होता. बाईंनी त्याला असं काही पाहिलं, की पुढं तो आम्हाला चहासुद्धा विचारेना.

बाईंच्या वाट्याला शेवटचं मोठं प्रकरण आलं: ‘पुढच्या आज्ञा’. साधं पान जुळवता यायला लागल्यावर ज्या अवघड आज्ञा लागतात, त्या सगळ्या यात. शंभरावर होत्या. बाकीचे लेखक आपापली प्रकरणं भराभर लिहून मोकळे झाले. बाई लिहायला बसेचनात. त्यांनी एक वही केली. आसपासच्या शाळांमधले शिक्षक पेपर छापायला त्यांच्याकडे यायला लागले होते. बाई प्रत्येकाला अडलं कुठं ते विचारायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. तेच पुन्हा दुसऱ्याचं अडलं की शेजारी एक फुली मारायच्या. तक्ता पानाबाहेर जातो. चित्र भलत्याच पानावर पडतं. समीकरण ओळीत मावत नाही. दीड वर्षात ती वही फुल्यांनी भरली आणि त्या फुल्यांवरून त्यांनी आज्ञांचा क्रम लावला. काम बंदच पडतं ते आधी, काम खोळंबतं ते मग, आणि नुसतं वाईट दिसतं ते शेवटी. प्रत्येक आज्ञेच्या डोक्यावर तिचं नाव, आणि नावाआधी ती अडचण, अडलेला माणूस सांगेल तशा शब्दांत. रंगीत चौकट काढायची आज्ञा सगळ्यात शेवटी होती. बाईंना रंगीत चौकटींचं एकूणच कौतुक नव्हतं.

हा क्रम कुठून सुचला, ते त्यांनी एकदा बसमध्ये सांगितलं. ऊसतोडीला निघताना त्यांचे वडील ट्रक भरायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ज्वारीची पोती तळाला; झोपडीच्या चटया, दोऱ्या, पाण्याची घागर आणि तवा सगळ्यात वर. उतरल्या उतरल्या जे लागणार ते हाताशी. एका वर्षी वडील आजारी होते म्हणून मुकादमाच्या माणसानं ट्रक भरला. त्यानं अगदी टापटिपीनं भरला, भांडी भांड्यांत, कापडं कापडांत. फडावर उतरले तर गोधड्या पोत्यांच्या खाली.

‘दिसायला लय छान दिसून राहिलं होतं, सर,’ बाई म्हणाल्या. ‘पण थंडीचे दिवस. ट्रक रिकामा होऊस्तोर लेकरं कुडकुडत बसली. माझ्या लहान्या भावाला ताप भरला तो उतरलाच न्हाई.’

भाऊ वाचला का, हे मी विचारलं नाही.

माझं काम शुद्धलेखनाचं आणि वाक्यं गुळगुळीत करण्याचं. ते करताना मी त्यांच्या प्रकरणात एका ठिकाणी घातलं, ‘ही आज्ञा वापरणे अगदी सोपे आहे.’ मला ते वाक्य चांगलं वाटलं होतं. काही दिवसांनी गोरेगावच्या शाळेतले एक तरुण शिक्षक त्या पानांची छापील प्रत घेऊन गेले आणि परत आलेच नाहीत. तीन आठवड्यांनी बाई रविवारचं काम सोडून जीपनं गोरेगावला गेल्या. त्या शिक्षकाला ती आज्ञा जमली नव्हती, आणि पुस्तकात सोपी म्हटली आहे ती आपल्याला जमत नाही हे सांगायची त्याला लाज वाटली होती. परत आल्यावर बाईंनी मला त्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, हे कुणी लिहिलं? मी कबूल केलं. मग आम्ही दोघांनी मिळून सगळ्या पुस्तकातून तो शब्द काढला. सत्तावीस ठिकाणी होता, आणि त्यातली एकवीस माझी होती.

क्रमावरून मात्र वाद झाला. आगाशेंना तो पसंत नव्हता. संदर्भग्रंथात वर्णक्रमच हवा, बाकी सगळी प्रकरणं तशी आहेत, आणि एक प्रकरण असं ट्रक भरल्यासारखं कसं चालेल, असं त्यांनी लिहिलं. ट्रकची गोष्ट बाईंनीच त्यांना कळवली होती. त्यांचं म्हणणं चूक होतं असं नाही. आज्ञेचं नाव माहीत असलेल्या माणसाला वर्णक्रमात ती चटकन सापडते. पुस्तकाच्या शेवटी नावांची वेगळी सूची द्या, असं बाईंनी सुचवलं. त्यानं पुस्तक फुगेल, असं उत्तर आलं. एका रविवारी पाहावं तर प्रकरण वर्णक्रमानं लावलेलं. बाईंनी ते परत आपल्या क्रमानं लावलं. पुढच्या रविवारी पुन्हा वर्णक्रम. दोन्ही बाजूंनी खाली ‘सविनय बदल’ अशी नोंद. असं चार महिने चाललं. बाई एवढंच म्हणायच्या, ‘ज्याच्यापाशी विचारायला माणूस न्हाई, त्याच्यासाठी हे पुस्तक हाय. आगाशेसाहेबांपाशी माणसं हायेत.’

मग बाई आजारी पडल्या. पाय सुजायला लागले होते, ते त्यांनी अंगावर काढलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं नांदेडला कळलं. महिनाभर त्या तिथंच दवाखान्यात होत्या. त्याच महिन्यात आगाशेंनी मतदान जाहीर केलं. पुस्तकाची सीडी काढायची होती आणि हा घोळ एकदाचा मिटायला हवा होता. मतं ज्यानं त्यानं एकट्या आगाशेंना कळवायची. बाईंचं मत सगळ्यांना ठाऊकच होतं, ते त्यांनी मोजलं. आम्ही सात जण होतो.

मी हिंगोलीला एकटाच गेलो. आगाशेंचं मला वेगळं पत्र आलेलं होतं. माझ्या भाषेमुळे पुस्तकाला घाट आला, मुखपृष्ठावर भाषासंपादक म्हणून माझं नाव घालायचं मंडळानं ठरवलं आहे, आणि क्रमाच्या बाबतीत माझ्यासारख्या समंजस माणसाकडून त्यांना अपेक्षा आहे. मला भांडण सोसत नाही. कुणी समंजस म्हटलं की मी लगेच समंजस होतो. वर्णक्रमाच्या बाजूनं चार मतं पडली आणि बाईंच्या क्रमाला तीन. चौथं माझं होतं. हे मी आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

बाई कळमनुरीला परत आल्या त्या ओळखू न येण्याइतक्या वाळून. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिससाठी जायचं, बाकी घरी पडून राहायचं. मी भेटायला गेलो तर पहिला प्रश्न प्रकरणाचा. मी सांगून टाकलं, की मतदान झालं आणि तुमचाच क्रम राहिला. त्या तोंडावरची कळा बघून मला तेवढंच बोलता आलं. त्या म्हणाल्या की आता छापील बघायला मिळालं म्हणजे झालं.

आता छापील आणणं मला भाग होतं. मी हिंगोलीहून सगळं पुस्तक उतरवून आणलं, कॉलेजच्या संगणकावर घातलं, पानं कशी येतात ते एकदा चालवून पाहिलं, आणि मग ‘पुढच्या आज्ञा’ बाईंच्या वहीबरहुकूम लावायला बसलो. प्रत्येक आज्ञेची वेगळी फाइल होती. मुख्य फाइलमधल्या शंभरेक ओळी वरखाली करायच्या होत्या. दोन दिवस लागले. वीज जायच्या आत प्रणाली चालवली, छापलं, आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून बांधून घेतलं. जगात त्या क्रमाची तेवढी एकच प्रत होती.

बाई गेल्यावर मी आगाशेंना सगळं लिहिलं आणि क्रम बदलायची विनंती केली. त्यांचं फार चांगलं पत्र आलं. राठोडबाईंच्या जाण्यानं मंडळाची हानी झाली आहे, पण सीडी निघाली आहे, आता काही करता येणार नाही. पुढे ते संकेतस्थळही बंद पडलं. सीडीवर भाषासंपादक म्हणून माझं नाव आहे.

प्रत द्यायला मी गेलो ती सकाळ मात्र सांगितली पाहिजे. नांदेडच्या जीपा आमच्याकडे रस्त्यावरच्या स्टँडवरून सुटतात आणि भरल्याशिवाय हलत नाहीत. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या, अंगावर शाल, शेजारी त्यांची भाची. मी खिडकीतून प्रत हातात दिली. त्यांनी ती आधी हातावर तोलली, मग उघडली. अनुक्रमणिकेवर बोट ठेवून वाचायला लागल्या. बोट दोन ओळी खाली गेलं आणि थांबलं.

अनुक्रमणिकेत रंगीत चौकट सगळ्यात आधी होती आणि पानाबाहेर जाणारा तक्ता शेवटाकडे.

ही प्रणाली अनुक्रमणिका छापते तेव्हा तिच्याजवळ मागच्या वेळच्या नोंदी असतात. म्हणून क्रम बदलला की ती दोनदा चालवावी लागते. पहिल्यांदा चालवली की आतली पानं बदलतात, अनुक्रमणिका जुनीच राहते. हे मला बाईंनीच शिकवलं होतं. मी घाईत एकदाच चालवली होती. आतली पानं बाईंच्या क्रमानं आणि अनुक्रमणिका आगाशेंच्या.

बाईंनी आतली पानं चाळली, पुन्हा अनुक्रमणिका पाहिली.

‘एकदाच चालवलं व्हय, सर?’

मी हो म्हणालो.

‘कितीनं गेलं?’

‘एका मतानं.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मत काहून दिलं, कुणाला दिलं, काही विचारलं नाही. मी जीपच्या दाराला धरून उभा होतो. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण नुसतं एवढंच म्हणालो, की ही प्रत तरी बरोबर आहे, बाई, तुमच्यासाठीच काढली.

‘मला तर सगळंच येतं, सर,’ त्या हळू म्हणाल्या. ‘ज्याला येत न्हाई, त्याच्याकडं कोणतं गेलं?’

जीप भरली होती. ड्रायव्हरनं मागून दोन माणसं आत ढकलली आणि दार लावलं. बाईंनी हात पुढे करून माझ्या खिशातला पेन मागितला. मी दिला. त्यांनी प्रत गुडघ्यावर ठेवली, अनुक्रमणिकेतली पहिली ओळ खोडली आणि तिच्यावर बारीक अक्षरात ‘तक्ता पानाबाहेर जातो’ असं लिहिलं, पुढे बरोबर पानाचा आकडा. जीप हलली तशी अक्षरं हलायला लागली असणार, पण त्यांनी मान वर केली नाही. भाचीनं मला हात केला. नांदेडच्या रस्त्याला वळेपर्यंत मला बाईंचं वाकलेलं डोकं दिसत होतं. त्या दुसरी ओळ खोडत होत्या.